स्पॅनिश भाषेचा विद्यापीठीय अभ्यास : एक ऐतिहासिक परामर्श

१

परकीय भाषेचा अभ्यास विद्यापीठात सुरू होतो तो बहुधा उपयुक्ततेच्या बळावर. व्यापार, राजनीती, प्रवास आणि नोकरी ही त्याची प्रकट कारणे असतात, आणि त्यांत काही गैर आहे असे नाही. स्पॅनिश ही आज सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आणि वीस सार्वभौम राष्ट्रांची व्यवहारभाषा आहे. ती शिकणाऱ्याला तिच्या उपयोगाविषयी कोणी शंका विचारीत नाही. परंतु विद्यापीठातील भाषाभ्यासाचे प्रयोजन एवढ्याने संपते काय, हा प्रश्न उरतोच. भाषा ही तिच्या समाजाची स्मृती असते, आणि त्या स्मृतीतून काय जपले गेले व काय पुसले गेले याचा निवाडा करण्याचे काम कोणा तरी विद्याशाखेला करावे लागते. स्पॅनिश विद्येच्या इतिहासात हे काम कसे घडले, आणि राष्ट्राच्या सेवेसाठी आरंभिलेल्या व्यासंगाने त्या राष्ट्राच्या स्वतःविषयीच्या कल्पनाच कशा बदलून टाकल्या, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या कथेचा आरंभ १४९२ या एका वर्षात शोधता येतो. त्या वर्षाच्या जानेवारीत ग्रानादाचे शेवटचे मुसलमानी राज्य इसाबेल आणि फेर्नांदो यांच्या स्वाधीन झाले. मार्चअखेर यहुद्यांनी बाप्तिस्मा घ्यावा अथवा देश सोडावा असे फर्मान निघाले. ऑक्टोबरात कोलंबस अटलांटिकच्या पलीकडील बेटांवर उतरला. आणि या दोहोंच्या मध्ये, ऑगस्टात, सालामांका येथे अंतोनियो दे नेब्रिहा यांचे कास्तिलियन भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध झाले. युरोपातील अर्वाचीन लोकभाषांपैकी एखाद्या भाषेचे छापलेले असे हे पहिलेच व्याकरण. ग्रंथ राणीला अर्पण केलेला होता, आणि भाषा व साम्राज्य यांचा उदय-अस्त बरोबरीने होतो असा विचार त्याच्या प्रस्तावनेत मांडलेला होता. जिंकलेल्या लोकांना विजेत्याचे कायदे समजावेत म्हणून त्याची भाषा शिकावी लागेल. तेव्हा ती नियमबद्ध करून ठेवली पाहिजे, अशी ती विचारसरणी. एकाच वर्षात भाषेला नियम मिळाले, तिला नवे भूखंड मिळाले, आणि ती बोलणाऱ्यांपैकी एका मोठ्या समाजाला देशाबाहेर घालविण्यात आले. पुढील साडेचार शतकांच्या विद्येतील वादांची बीजे या योगायोगात आहेत.

२

मात्र नेब्रिहा यांच्या व्याकरणाने कास्तिलियन विद्यापीठात आली असे समजणे चूक ठरेल. सालामांकात ज्ञानाची भाषा लॅटिन हीच राहिली. खुद्द नेब्रिहा यांची कीर्ती त्यांच्या १४८१ च्या लॅटिन व्याकरणावर उभी होती. लोकभाषेत धर्मग्रंथ आणण्याचे धाडस किती महाग पडे, याची साक्ष त्याच विद्यापीठातील प्राध्यापक आणि थोर कवी फ्राय लुईस दे लेओन यांच्या चरित्रात मिळते. हिब्रू पाठाचा आधार लॅटिन भाषांतराहून अधिक प्रमाण मानणे आणि बायबलातील शलमोनाच्या गीताचे कास्तिलियन भाषांतर करणे या आरोपांवरून धर्मन्यायपीठाने त्यांना १५७२ पासून १५७६ पर्यंत वाय्यादोलिदच्या तुरुंगात ठेवले. पुढे १७१३ मध्ये राजाश्रयाने भाषेची अकादमी स्थापन झाली आणि १७२६ ते १७३९ या काळात तिचा सहा खंडांचा कोश निघाला. त्या कोशाने शब्दाशब्दाला ग्रंथकारांचे आधार दिले. परंतु अकादमीचे कार्य भाषा शुद्ध राखण्याचे होते, तिच्या घडणीचा शोध घेण्याचे नव्हे.

विद्यापीठीय विषय म्हणून स्पॅनिशला पहिले भक्कम स्थान मिळाले ते स्पेनबाहेर. हार्वर्ड येथे अॅबिएल स्मिथ यांच्या देणगीतून फ्रेंच व स्पॅनिश यांचे जे अध्यासन निर्माण झाले, त्यावर जॉर्ज टिकनर १८१९ मध्ये रुजू झाले. गॅटिंगेनमध्ये शिक्षण घेऊन आणि १८१८ मध्ये स्पेनचा प्रवास करून ते परतले होते. त्यांच्यानंतर १८३६ मध्ये लाँगफेलो आणि १८५५ मध्ये लोवेल त्याच जागी आले. टिकनर यांचा स्पॅनिश वाङ्मयाचा तीन खंडांचा इतिहास १८४९ मध्ये प्रसिद्ध झाला. साधनांचा एवढा व्यवस्थित संभार तोवर कोणी मांडला नव्हता. मात्र त्या ग्रंथावर एका बोस्टनवासी प्रॉटेस्टंट विद्वानाच्या दृष्टीची छाया आहे. राजनिष्ठा आणि धर्मनिष्ठा या दोन गुणांतच स्पॅनिश लोकस्वभाव त्यांना दिसतो, आणि या गुणांच्या विकृतीतच त्याच्या अधोगतीचे कारणही.

याच सुमारास दक्षिण अमेरिकेत एक वेगळा आवाज उमटला. काराकासमध्ये जन्मलेले आणि चिली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले आंद्रेस बेयो यांनी १८४७ मध्ये अमेरिकनांच्या उपयोगासाठी म्हणून स्पॅनिश भाषेचे व्याकरण लिहिले. स्पॅनिशला लॅटिनच्या साच्यात बसविण्याचे त्यांनी नाकारले. प्रत्यक्ष वापरात ती जशी आहे तशी तिची व्यवस्था त्यांनी शोधली. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत भाषेची शकले होऊ नयेत ही त्यांची तळमळ होती. परंतु तीबरोबरच अमेरिकेतील बोलीलाही स्पेनमधील प्रांतांच्या बोलींइतकाच मान मिळाला पाहिजे हा आग्रह होता. साम्राज्याची सोबतीण म्हणून ज्या भाषेचे व्याकरण प्रथम रचले गेले, तिचे त्या शतकातील सर्वांत मर्मग्राही व्याकरण साम्राज्य झुगारून दिलेल्या भूमीवर लिहिले जावे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

३

१८९८ मध्ये क्यूबा, पोर्तो रिको आणि फिलिपिन्स स्पेनच्या हातून गेले. या पराभवाचा धक्का केवळ राजकीय नव्हता. आपण कोण आहोत, हा प्रश्न एका सबंध पिढीला भेडसावू लागला. विद्येच्या क्षेत्रात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा भार ज्यांनी उचलला ते रामोन मेनेंदेथ पिदाल १८९९ मध्ये माद्रिद विद्यापीठात रोमान्स भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९०७ मध्ये, नोबेल पारितोषिक मिळविलेले शरीरशास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांच्या अध्यक्षतेखाली उच्च अभ्यासाला चालना देणारे मंडळ निघाले. परदेशी विद्यापीठांत विद्यार्थी पाठविणे आणि परतल्यावर त्यांना संशोधनाची जागा देणे हे त्याचे धोरण होते. या मंडळाने १९१० मध्ये माद्रिदला इतिहास-संशोधन केंद्र स्थापिले, आणि त्यातील भाषाविभाग मेनेंदेथ पिदाल यांच्याकडे आला.

या केंद्राचे कार्य विस्ताराने पाहण्याजोगे आहे. 'सिद'च्या वीरकाव्याची मेनेंदेथ पिदाल यांनी १९०८ ते १९११ या काळात सिद्ध केलेली तीन खंडांची चिकित्सक आवृत्ती हा त्याचा मानदंड होता. १९१४ मध्ये केंद्राचे भाषाशास्त्रीय नियतकालिक निघाले. १९१८ मध्ये तोमास नावारो तोमास यांचे उच्चारशास्त्रावरील पाठ्यपुस्तक आले, ज्यावर जगभरच्या स्पॅनिश विद्यार्थ्यांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. १९२६ मध्ये दहाव्या-अकराव्या शतकांतील दस्तऐवजांवरून भाषेच्या उगमाचा शोध घेणारा मेनेंदेथ पिदाल यांचा ग्रंथ आला. परकीय विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग १९१२ पासून भरू लागले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील शाळांतून जर्मन भाषा मागे पडली व स्पॅनिशची मागणी एकाएकी वाढली. तेव्हा कोलंबिया विद्यापीठाने १९१६ मध्ये फेदेरिको दे ओनीस यांना बोलावून घेतले, ते याच परंपरेतील. बुएनोस आयरेस येथे १९२३ मध्ये निघालेल्या भाषाशास्त्र-संस्थेचे पहिले संचालक अमेरिको कास्त्रो आणि १९२७ पासूनचे संचालक आमादो आलोन्सो हेही केंद्राचेच विद्यार्थी.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची मला वाटते ती या मंडळींची साधनांविषयीची दृष्टी. ती दृष्टी एका घटनेतून स्पष्ट होते. १९०० मध्ये विवाहानंतर मेनेंदेथ पिदाल आणि मारिया गोयरी हे दांपत्य 'सिद'च्या काव्यातील स्थळे पाहण्यासाठी कास्तीयात फिरत होते. मारिया गोयरी या स्वतः माद्रिद विद्यापीठातून पदवी घेतलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. वर्गात बसण्यासाठी त्यांना विशेष परवानगी घ्यावी लागली होती. बुर्गो दे ओस्मा येथे एक धुणेवाली त्यांना एक जुना पोवाडा म्हणताना आढळली. १४९७ मध्ये अकाली मरण पावलेल्या राजपुत्र हुआनवरील ते गीत होते. कोणत्याही छापील संग्रहात नसलेले हे गीत चार शतके केवळ लोकमुखात जगले होते. आणि कास्तीयात अशी मौखिक परंपरा उरलेलीच नाही, अशी तोवर विद्वानांची समजूत होती. त्या दिवसापासून पतिपत्नींनी गीतांच्या संग्रहाचे जे काम हाती घेतले, ते जन्मभर चालले.

या संग्रहाने विद्येला कोठे नेले पाहा. १९०४–०५ मध्ये पेरू आणि एक्वादोर यांच्या सीमातंट्यात राजाचे प्रतिनिधी म्हणून दक्षिण अमेरिकेत गेले असता मेनेंदेथ पिदाल यांना तेच पोवाडे तेथील लोकांच्या तोंडी सापडले. त्याहून विस्मयकारक म्हणजे १४९२ मध्ये हाकलून दिलेल्या यहुद्यांचे वंशज सालोनिकापासून तांजिरपर्यंत जेथे जेथे वसले होते, तेथे तेथे ही गीते जतन झाली होती. ज्यांना देशाने टाकले त्यांनी देशाची गाणी टाकली नव्हती. 'खरा स्पेन' शोधण्यासाठी निघालेल्या संशोधकाला त्याच्या साधनांनीच स्पेनच्या सीमेपलीकडे, आणि स्पेनने आपले म्हणून न मानलेल्या लोकांच्या दारी नेऊन उभे केले.

येथे एका मर्यादेचाही उल्लेख केला पाहिजे. मेनेंदेथ पिदाल यांच्या दृष्टीत कास्तीया हाच स्पेनचा गाभा होता. त्यांच्या १९२९ च्या ग्रंथात सिद हा वीर सबंध राष्ट्राच्या एकतेचे प्रतीक होऊन बसतो, आणि ऐतिहासिक सिदने सारागोसाच्या मुसलमान राजांची चाकरी केली होती ही गोष्ट त्या तेजात फिकी पडते. याच काळात बार्सेलोनात १९०७ पासून कातालान विद्येची स्वतंत्र संस्था काम करीत होती, आणि १९१८ मध्ये पोम्पेउ फाब्रा यांनी कातालानचे प्रमाण व्याकरण सिद्ध केले होते. स्पेन म्हणजे कास्तिलियन हे समीकरण तेव्हाही सर्वांना मान्य नव्हते.

४

१९३३ मध्ये माद्रिदच्या नव्या विद्यापीठनगरीत तत्त्वज्ञान व वाङ्मय शाखेची इमारत उघडली. १९३६ च्या नोव्हेंबरात तीच इमारत यादवी युद्धाची आघाडी झाली. ग्रंथालयातील जाडजूड ग्रंथ खिडक्यांत रचून सैनिकांनी गोळ्यांपासून आडोसा केला. त्यांत भारतीय तत्त्वज्ञानाचेही ग्रंथ होते, अशी नोंद तेथे लढलेले इंग्रज लेखक जॉन सॉमरफील्ड यांनी करून ठेवली आहे.

युद्धाने विद्येवर काय ओढवले ते भाषिक नकाशांच्या कहाणीवरून कळते. आयबेरियन द्वीपकल्पातील बोलींचा नकाशासंग्रह करण्यासाठी नावारो तोमास यांचे सहकारी १९३१ पासून खेडोपाडी हिंडत होते. कास्तिलियनबरोबर कातालान, गालिसियन आणि पोर्तुगीज बोलींचेही उच्चार ते टिपून घेत होते. १९३६ मध्ये त्यांपैकी आनिबाल ओतेरो यांना अटक झाली. त्यांच्या वह्यांतील ध्वनिलेखनाची चिन्हे ही हेरगिरीची गुप्त लिपी असावी असा संशय आला, आणि त्यापायी त्यांना काही वर्षे तुरुंगात काढावी लागली. नावारो तोमास १९३९ च्या जानेवारीत सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये गेले. त्याच तांड्यात कवी आंतोनियो माचादो होते, जे महिन्याभरातच कोलिऊर येथे निवर्तले. नकाशासंग्रहाच्या वह्या नावारो तोमास यांच्याबरोबर न्यूयॉर्कला गेल्या, १९५१ मध्ये माद्रिदला परतल्या, आणि त्यांतील पहिला खंड १९६२ मध्ये छापला गेला.

इतिहास-संशोधन केंद्राची मूळ संस्था फ्रँकोच्या राजवटीने मोडली आणि १९३९ मध्ये तिच्या जागी नवी सरकारी परिषद आणली. माणसे विखुरली. कवी व प्राध्यापक पेद्रो सालिनास प्रथम वेल्झली येथे आणि मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. होर्हे गियेन वेल्झलीत. नावारो तोमास कोलंबियात. कास्त्रो १९४० पासून प्रिन्स्टनमध्ये. मेक्सिकोने १९३८ मध्ये निर्वासित विद्वानांसाठी 'स्पेनगृह' उघडले. आल्फोन्सो रेयेस यांच्या नेतृत्वाखाली १९४० मध्ये त्याचे 'एल कोलेहियो दे मेहिको' झाले. सर्वच गेले असे नव्हे. मेनेंदेथ पिदाल स्वतः परतले. दामासो आलोन्सो आणि राफाएल लापेसा माद्रिदलाच राहिले. आणि लापेसा यांचा स्पॅनिश भाषेचा इतिहास १९४२ मध्ये तेथेच प्रसिद्ध झाला. जे राहिले त्यांनी धागा तुटू दिला नाही, हेही श्रेय मोठे आहे. परंतु उत्तर अमेरिकेतील, मेक्सिकोतील आणि आर्जेन्टिनातील स्पॅनिश विभागांना विसाव्या शतकाच्या मध्यात जे वैभव आले, त्याचा मोठा भाग या देशत्यागाने दिलेला आहे. १४९२ नंतर यहुद्यांनी जशी गीते बाहेर नेली, तशी १९३९ नंतर प्राध्यापकांनी विद्या बाहेर नेली.

५

दूर गेल्यानेच काही गोष्टी दिसू लागल्या. १९४८ मध्ये बुएनोस आयरेस येथे अमेरिको कास्त्रो यांचा स्पेनच्या इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. रोमन अथवा गॉथ काळापासून 'स्पॅनिश' नावाचा एक अविकारी स्वभाव चालत आला आहे, ही कल्पना त्यांनी मोडीत काढली. आठव्या ते पंधराव्या शतकांत ख्रिस्ती, मुसलमान आणि यहुदी यांच्या सहवासातून व संघर्षातून स्पॅनिश माणूस घडला, असे त्यांचे प्रतिपादन होते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या यहुद्यांच्या वंशजांनी अभिजात स्पॅनिश वाङ्मयाला काय दिले, याचा शोध त्यातून वेगाने पुढे गेला. तुरुंगात गेलेले लुईस दे लेओन हे अशाच कुळातले. संत तेरेसा यांचे आजोबाही.

त्याला उत्तर दिले क्लाउदियो सांचेथ-आल्बोर्नोथ यांनी, १९५६ मध्ये, बुएनोस आयरेसहूनच. तेही प्रजासत्ताकाचे पक्षपाती आणि तेही निर्वासित. अरबांच्या आगमनापूर्वीच स्पॅनिश जीवनाची घडण बरीच झाली होती, आणि कास्त्रो यांनी कायदा, जमीनधारणा व अर्थव्यवहार यांचा पुरावा वाङ्मयापुढे गौण लेखला, असा त्यांचा आक्षेप होता. या आक्षेपात तथ्य आहे. कास्त्रो यांच्या हाती वाङ्मय हाच पुष्कळदा एकमेव साक्षीदार असतो, आणि एखाद्या लेखकाच्या कुळावरून त्याच्या कृतीचा अर्थ लावण्याची त्यांची रीत धोक्याची आहे. तथापि प्रश्न मांडण्याचे श्रेय त्यांच्याकडेच जाते. त्यांच्यानंतर अरबी आणि हिब्रू परंपरांना वगळून मध्ययुगीन स्पॅनिश शिकविणे अवघड झाले.

आणि योगायोग असा की, त्याच १९४८ मध्ये या प्रश्नाला एक अनपेक्षित पुरावा मिळाला. हंगेरीत जन्मलेल्या सॅम्युएल स्टर्न या तरुण अभ्यासकाने हिब्रू काव्यरचनांच्या शेवटी येणाऱ्या काही दुर्बोध ओळींचा उलगडा केला. लिपी हिब्रू, पण भाषा प्राचीन स्पॅनिश! 'खर्जा' नावाच्या या लहानशा गीतांत बहुधा एक विरहिणी बोलते, आणि प्रियकराला ती अरबी शब्दाने हाक मारते. १९५२ मध्ये एमिलियो गार्सिया गोमेथ यांनी अरबी रचनांतील अशीच आणखी गीते पुढे आणली. त्यांपैकी काही अकराव्या शतकातील, म्हणजे 'सिद'च्या काव्याहून जुनी. या लिप्यांत स्वर लिहिलेले नसल्याने अनेक ओळींचे वाचन वादग्रस्त राहिले आहे, आणि १९८८ मध्ये अॅलन जोन्स यांनी पूर्वसूरींच्या वाचनांची कठोर तपासणी केली, हे सांगितले पाहिजे. तरीही मुख्य गोष्ट अबाधित राहते. स्पॅनिश काव्याचा उपलब्ध आरंभ वीराच्या रणगर्जनेत नसून एका स्त्रीच्या आर्त स्वरात आहे, आणि तो जपून ठेवला तो १४९२ ने ज्यांना परके ठरविले त्यांच्या लिप्यांनी. शतकानुशतके हा ठेवा अदृश्य राहिला याचे कारण उघड आहे. स्पॅनिशचा अभ्यासक हिब्रू वाचीत नव्हता, आणि हिब्रूचा अभ्यासक तेथे स्पॅनिशची अपेक्षा करीत नव्हता.

६

भारताचा या विद्येशी संबंध दीर्घकाळ इंग्रजीच्या मध्यस्थीने राहिला. १९१५ पासून रवींद्रनाथांच्या कृती स्पॅनिशमध्ये आणल्या त्या सेनोबिया काम्प्रुबी यांनी, पती हुआन रामोन हिमेनेथ यांच्या साहाय्याने. परंतु त्यांच्यापुढे बंगाली नव्हती, इंग्रजी होती. उलट दिशेचे उदाहरण याहून मनोरंजक आहे. अमेरिकन ग्रंथसंग्राहक कार्ल टिल्डन केलर यांच्या इच्छेवरून, ऑरेल स्टाइन यांच्या मध्यस्थीने, काश्मीरचे पंडित नित्यानंद शास्त्री आणि जगद्धर झाडू यांनी १९३५ नंतरच्या दोन वर्षांत 'डॉन किहोते'च्या काही अध्यायांचे संस्कृत भाषांतर केले. त्यांचाही आधार अठराव्या शतकातील जार्विस यांचे इंग्रजी भाषांतर हाच होता. ते हस्तलिखित केलर यांच्या संग्रहाबरोबर हार्वर्डला, म्हणजे टिकनर यांच्याच विद्यापीठात, गेले. आणि २०१९ मध्ये पुणे विद्यापीठाकडून ते प्रसिद्ध झाले. सेर्वान्तेसने आपली कथा एका अरबी इतिहासकाराची असून तोलेदोत एका मोरिस्कोकडून ती भाषांतरित करून घेतली आहे, अशी बतावणी केली होती. त्या कथेला संस्कृतात अवतरताना आणखी एक दुभाषा लागावा, हे त्या ग्रंथाच्या स्वभावाला शोभणारेच झाले. ऑक्ताव्हियो पास १९६२ ते १९६८ या काळात मेक्सिकोचे राजदूत म्हणून दिल्लीत राहिले, आणि त्यांच्या काव्यात भारत प्रत्यक्ष भेटीतून उतरला. तसे प्रत्यक्ष वाचन आपल्या बाजूने व्हावयाचे तर त्याला विद्यापीठीय अभ्यासाचाच आधार हवा; जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ यांतील स्पॅनिशच्या अध्यापनाचे महत्त्व या दृष्टीने पाहावयास हवे.

दुभाषी आणि मार्गदर्शक तयार करणे हे या विभागांचे एक काम आहे, आणि ते सन्मान्य आहे. परंतु स्पॅनिश विद्येचा इतिहास त्यांच्यापुढे आणखी एक काम ठेवतो. अरबी, संस्कृत आणि फारसी यांच्या परंपरा ज्या देशात जिवंत आहेत, तेथील विद्यार्थी खर्जा अथवा मोरिस्को वाङ्मय यांकडे माद्रिदच्या वा बोस्टनच्या विद्यार्थ्याहून वेगळ्या तयारीने येऊ शकतो. अनेक भाषा एकाच गावात नांदताना त्याने पाहिलेल्या असतात. त्यामुळे एका गीताच्या शेवटच्या ओळीत भाषा बदलली तर त्याला ती विकृती वाटणार नाही. ही त्याची अनुकूलता आहे. तिचा उपयोग करावयाचा तर स्पॅनिशचा विभाग आणि अरबीचा विभाग यांच्यामधील भिंत ओलांडण्याची सोय अभ्यासक्रमाने केली पाहिजे. स्टर्न यांचा शोध ती भिंत ओलांडल्यामुळेच लागला होता.

आपल्या देशातही वाङ्मयेतिहास पुष्कळदा भाषाभिमानाच्या प्रेरणेने लिहिले गेले, आणि त्या प्रेरणेनेच पोथ्या जमविल्या, ओव्या टिपल्या, कोश रचले. तेव्हा अशा प्रेरणेला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. मेनेंदेथ पिदाल यांनाही तिनेच धुणेवालीच्या गीतापर्यंत पोचविले. प्रश्न पुढचा आहे. गोळा झालेली साधने आपल्या अभिमानाविरुद्ध साक्ष देऊ लागली, म्हणजे अभ्यासकाने कोणाची बाजू घ्यावयाची? स्पॅनिश विद्येतील थोर माणसांनी, चुका करीत, भांडत आणि कित्येकदा देश गमावून, अखेर साधनांची बाजू घेतली. विद्यापीठात भाषा शिकण्याचे प्रयोजन काय, या प्रश्नाला याहून चांगले उत्तर देता येईल असे वाटत नाही.